बॉम्ब शेल्टरमधला पौष

"आई, आपल्या फॅमिलीत कोणी विच होतं का गं?"

घरात कोणाला शुगर होती का, असं विचारावं इतक्या सहज अनुयाने विचारलं. सुचित्रा ओट्यापाशी मेथी निवडत होती. शनिवारची दुपार होती. आठवडाभर पाऊस खळला नव्हता. एरवी खिडकीतून दिसणारा पलीकडच्या मलेशियातला जोहोरचा किनारा पार पुसून गेला होता, आणि सिंगापूरच्या वुडलँड्समधली माणसं जॅकेटं घालून लिफ्टमध्ये एकमेकांना 'सो कोल्ड, हॉर' म्हणत होती. तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "नाही," ती म्हणाली, "कोणी नव्हतं." मग आपला आवाज नीट लागला नाही असं वाटून तिने जोडलं, "असलं काही नसतं." "असतं ना. मी आहे," अनुया म्हणाली आणि हसली. परीक्षा संपून निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीचं मोकळं, निवांत हसू होतं ते. "ये, दाखवते."

सकाळपासून पोरगी बॉम्ब शेल्टर आवरतेय म्हणून सुचित्रा खूश होती. इथल्या नव्या फ्लॅटांमधून ही एक खोली असतेच. पोलादी दाराची, जाड भिंतींची, जिच्या भिंतीत खिळासुद्धा ठोकायला परवानगी नाही. युद्ध काही आलं नाही, त्यामुळे लोक तिच्यात तांदळाची पोती आणि जुने पंखे ठेवतात. यांच्याही शेल्टरमध्ये सुटकेसा आणि खोकी छतापर्यंत गेलेली होती. आता तिथे जमीन दिसत होती, पुसलेली. एका आडव्या सुटकेसवर सुचित्राची जुनी निळी सुती साडी अंथरली होती. तिच्यावर जाड्या मिठाची वाटी, दालचिनीच्या काड्या, दोऱ्यात ओवलेल्या वाळक्या संत्र्याच्या चकत्या, पार्कातून आणलेल्या सुरूच्या फांद्या. आणि मध्ये एक मेणबत्ती, जळत असलेली. वाळक्या काड्यांचा, किंचित धुराचा वास चांगला होता, तिला खूप जवळचा वाटला, आणि त्याच क्षणी ती घाबरली. जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या कारखान्यात ती प्रोसेस सेफ्टीचं काम पाहायची. तिथे कंपनीच्या बसमधून उतरून पास दाखवताना लायटर कोणाच्या खिशात राहून चालत नसे. उघडी ज्योत आणि बंद खोली एवढंच तिला आधी दिसायला हवं होतं. पण ती मागे फिरली, हॉल ओलांडून गेली आणि तिने फ्लॅटचं मुख्य दार लावून घेतलं.

"कोण बघणारेय, आई? चुआ आंटी?" अनुया मागून आली होती. "तिचा ऑल्टर माझ्यापेक्षा मोठा आहे, लाह."

ते खरंच होतं. शेजारच्या चुआ आंटीच्या दारात जमिनीलगत लाल पाटी होती, तिच्यासमोर रोज उदबत्त्या जळत, आणि कॉरिडॉरमध्ये त्यांची राख उडाली तर लोक ओलांडून जात. पलीकडच्या मलय कुटुंबाच्या दारावर अरबी अक्षरं होती. इथे कोणी कोणाच्या घरात काय जळतंय ते पाहत नव्हतं. हे सगळं सुचित्राला ठाऊक होतं, आणि तरी तिचा हात कडीवरून निघेना. तिने दार लावलं होतं ते या कॉरिडॉरमधून येणाऱ्यांसाठी नव्हतंच. ती माणसं फार पूर्वी, यवतमाळकडच्या एका खेड्यातून निघाली होती, आणि तिला वाटलं होतं की इतक्या समुद्रापलीकडे ती येऊन पोचणार नाहीत.

पारबताआत्या. किती वर्षांत हे नाव तिने मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं. वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली. बाळंतिणींची पोटं चोळायची, लेकराला कळ आली की ओव्याचा शेक द्यायची, आणि याबद्दल कोणी धान्य दिलं तर घ्यायची. एका हिवाळ्यात वस्तीतली लेकरं तापाने गेली. एक गेलं, मग दुसरं, आणि मग कोणीतरी म्हणालं की ज्या घरी पारबता गेली त्याच घरी मेलं. ती सगळ्याच घरी जायची, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आपल्याच वस्तीतली माणसं, आपल्याच नात्यातली. त्यांनी तिला दारातून ओढत नेलं, केस कापले, चिंचेच्या फोकांनी मारलं आणि 'मी चेटकीण आहे' असं म्हणवून घेतलं. सुचित्राचे वडील, रावसाहेब, तालुक्याच्या शाळेत मास्तर होते. निरोप मिळताच ते सायकलवर गेले आणि बहिणीला कॅरिअरवर बसवून घरी घेऊन आले. सुचित्रा तेव्हा दुसरीत होती. दारात उतरलेली बाई तिला आठवते ती डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेली. तो पदर पुढे कितीतरी वर्षं तसाच राहिला. आत्या लिंबाला हात लावायची नाही, हातात लिंबू पाहून कोणी काही म्हणेल म्हणून. त्यामुळे घरात आंबटाला चिंच. शेजारीण बाळ घेऊन आली की आत्या उठून मागच्या अंगणात जायची आणि बाळ गेल्यावरच आत यायची. एकदा सुचित्राने विचारलं होतं, आत्या, तुला बाळं आवडत नाहीत का? तेव्हा तिने सुचित्राच्या तोंडावर हात ठेवला होता. खरखरीत, उबदार हात. "लई आवडतात वं माय," ती म्हणाली होती, "म्हनून तं पाहत नाई."

लॅच वाजलं. नरेश ओली छत्री आणि मासळीची पिशवी घेऊन आत आला. "अरे वा, शेल्टर झालं रिकामं?" म्हणत तो थेट आत डोकावला आणि तसाच उभा राहिला. बॅटऱ्यांवर संशोधन करणारा, एरवी हळू बोलणारा माणूस. त्याच्या मानेवर लाल डाग उठले की चिडलाय हे कळायचं. "हे काय आहे?"

"यूल आहे, बाबा. आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. उद्यापासून सूर्य परत येतो."

"इथे? विषुववृत्तावर? इथे दिवस लहान होतो तो किती, पाच-दहा मिनिटं." हे त्याने खरं कुतूहलाने म्हटलं आणि मग त्याला आठवलं की आपण चिडलोय. "माझ्या आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, ते काय यासाठी? आणि ही बाई मोसंब्याच्या चकत्या टांगून बसलीय."

"संत्रं आहे, बाबा."

"विच म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? अंधश्रद्धा आहे ही निव्वळ."

"पण यात देव कुठाय? तूच बघ ना." अनुयाचा आवाज चढला, ती इंग्रजीत गेली. कोणाला प्रार्थना करत नाही, कोणाकडे काही मागत नाही, नुसतं बसायचं आहे, थोडं शांत व्हायचं आहे, अख्खं वर्ष परीक्षेत गेलं. बाहेर स्नो आहे की पाऊस याच्याशी विंटरचा काय संबंध. मग ती थांबली. नरेश सुचित्राकडे पाहत होता. "तू सांग हिला," तो म्हणाला.

हॉलमध्ये भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते, जसे तिच्या माहेरी होते, जसे नरेशच्या घरी होते. या घरात देव्हारा नव्हता आणि तिला त्याची उणीव कधी भासली नव्हती. मैत्रिणींच्या कॉन्डोंमधून संगमरवरी देव्हारे पाहून तिला कधी हेवा वाटला नाही. उलट आपली भिंत बरी, मोकळी, असंच वाटायचं. नरेश म्हणत होता ते तिच्या वडिलांचंच म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. अंधश्रद्धेने काय होतं हे या घरात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आता एक वाक्य बोलायचं, आणि ती साडी घडी होऊन कपाटात जाईल, सुटकेसा परत चढतील. पण तिला पोरीचे हात दिसत होते. काही जड उचलून आणल्यासारखे तिने ते पुढे धरले होते, आणि बोटांना दालचिनीची भुकटी लागली होती.

"तू आधी आंघोळ करून घे," ती नरेशला म्हणाली. "भिजलायस पार." आणि चपला बाहेर काढून ती शेल्टरमध्ये गेली, जमिनीवर बसली. "अनुया, इकडे ये. मघाशी मी खोटं बोलले."

सांगायला सुरुवात करायला वेळ लागला, पण एकदा तोंड उघडल्यावर गोष्ट फारच लहान निघाली. इतकी वर्षं आत ठेवलेली म्हणून ती मोठी वाटत होती. अनुया गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. "पण त्यांनी मारलं तिला?" तिने मधेच विचारलं, आणि सुचित्रा हो म्हणाल्यावर, "तिच्याच लोकांनी?" हो. "पोलीस?" कोणी गेलं नाही पोलिसांकडे; रावसाहेब जाणार होते, आत्यानेच पाय धरले. अनुया रडली नाही. तिच्या खालच्या ओठावर दात होते, आणि चेहरा हळूहळू बदलत गेला. मग तिने मेणबत्तीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग मी तो शब्द वापरायला नको."

सुचित्राला हेच तर ऐकायचं होतं. पण ऐकल्यावर आत काही सुटलं नाही, उलट काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं झालं. जणू कोणीतरी पुन्हा एकदा आत्याला मागच्या अंगणात पाठवलं होतं. आणि अंगण म्हणताच तिला ते दिसलं, वासासकट, मघापासून नाकाशी घुटमळणाऱ्या त्या वासासकट. पौषातली पहाट, धुकं, हात चोळत उभी आत्या. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून ती अंगणात शेकोटी करायची, सुचित्राला मांडीशी ओढून घ्यायची. राखेचं एक रिंगण दोघींभोवती ओढायची, मग आदल्या रात्रीच्या भाकरीचा तुकडा मोडून विस्तवात टाकायची. तिथे पदर खांद्यावर यायचा. तेवढ्या वेळात आत्याचं तोंड पुरतं उघडं असायचं. सुचित्राला ते आत्ता स्पष्ट दिसलं: रुंद कपाळ, गोंदण, आणि लहान मुलीसारखी खट्याळ हनुवटी. पूर्वेकडे पाहून ती म्हणायची, "ये वं माय, सवकाश ये." सूर्याला माय म्हणणारी बाई सुचित्राने पुढे कधी पाहिली नाही.

"ती काहीतरी करायची मात्र," सुचित्रा म्हणाली. "थंडीत. रोज सकाळी." आणि तिने हेही सांगितलं. एकदा कोणी शेजारी रावसाहेबांना म्हणाला होता, गुरुजी, तुमच्याकडे पहाटे रिंगण-बिंगण काय चालतं? घरात कोणाला उपासही धरू न देणारे रावसाहेब हातातला पेपर खाली न करता म्हणाले होते, "शेकोटी आहे ती. थंडी वाजते माणसाला."

अनुया वळून बसली. "आई, पण मी हेच करतेय. एक्झॅक्टली हेच."

"ते मला आत्ता कळलं. तुझं पाहिल्यावर."

"मग ती विच होती की नव्हती?"

"ते म्हणत होते तशी नव्हती." सुचित्राने मिठाची वाटी सरळ केली. "बाकी तिचं ती जाणे. तू तिला पारबता म्हण. तेवढं पुरे आहे."

"फोटो आहे?"

नव्हता. आत्या कधी फोटोला उभी राहिली नाही. तेव्हा अनुयाने विचारलं की मग तिच्यासाठी काय ठेवू, आणि सुचित्रा उठली. लिटल इंडियातून आणलेलं ज्वारीचं पीठ डब्यात होतं. इंडक्शनवर भाकरी नीट फुगत नाही म्हणून ती एरवी करायची नाही. आज परातीत पीठ मळलं, तळहाताएवढीच भाकरी थापली, गॅसची जुनी शेगडी काढून तिच्यावर भाजली. नरेश आंघोळ करून कधीचा किचनच्या दारात उभा होता. केस ओले, खांद्यावर टॉवेल. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला. त्याच्या मानेवरचे डाग गेले होते.

"लग्नाच्या वेळी बाबा म्हणाले होते, सांगून टाक. मला भीती वाटली. चेटकिणीची भाची म्हणून तुझ्या घरचे..." तिने भाकरी उलटली. "आणि नंतर अनुया झाली. तेव्हा तर मुळीच सांगवेना."

नरेशने टॉवेल खुर्चीवर टाकला. तो आत गेला, बाल्कनीतून लाकडी पाट घेऊन आला, आणि शेल्टरमध्ये सुचित्रा बसली होती त्या जागी ठेवला. "फरशी गार आहे," एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळाने, जरा घसा साफ करून, अनुयाला: "मेणबत्ती पाण्याच्या ताटलीत ठेव. साडीवर नाही. आणि दार उघडं राहू दे."

"हवा लागते," सुचित्रा म्हणाली. "माझं काम आहे ते. मी सांगते." तिला हसू येत होतं.

संध्याकाळी चुआ आंटी आली, प्लास्टिकचा मोठा डबा दोन्ही हातांत धरून. आज त्यांची डोंगझी, थंडीतला सण. तांदळाच्या पिठाचे लाल-पांढरे गोळे आल्याच्या गोड पाकात. दर वर्षी ती आणून द्यायची, आणि सुचित्रा दर वर्षी नुसता शेजारधर्म म्हणून घ्यायची. तो हाच, वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो हे तिने कधी जुळवून पाहिलं नव्हतं. "हॉट हॉट ईट," आंटी म्हणाली, आणि उघड्या पोलादी दारातून आत पाहिलं. "वाह, सो नाइस! हू पास अवे?"

अनुया म्हणाली, "माय मदर्स आंटी. लाँग टाइम अगो."

"ओह." आंटीने मान हलवली. तिला पुढे काही विचारायचं नव्हतं. तिने चपला काढल्या, गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने वाकली, डब्याच्या झाकणात गोळे काढून भाकरीशेजारी ठेवले. "शी ऑल्सो मस्ट ईट. टुडे एव्हरीबडी वन इयर ओल्डर." हे गोळे खाल्ले की सगळ्यांचं वय एका वर्षाने वाढतं, असं त्यांच्यात मानतात. मग सुचित्राच्या दंडावर थोपटून ती आपल्या घरी गेली, आणि तिच्या दारातला टीव्हीचा आवाज परत मोठा झाला.

तिघांनी शेल्टरमध्येच बसून खाल्लं, गुडघ्याला गुडघे लावून. आल्याचा पाक घशातून उतरत होता आणि छातीत ऊब पसरत होती. नरेशने विचारलं, आत्याला गोड आवडायचं का? सुचित्रा विचार करू लागली, आणि गंमत म्हणजे तिला आठवलं: आवडायचं, चोरून गूळ खायची. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आत्याबद्दल इतकी साधी गोष्ट तिला कोणी विचारली नव्हती. ती बोलत राहिली. आत्या कशी शिंकायची, रेडिओला कशी उत्तरं द्यायची, सुचित्रा इंजिनीअरिंगला गेली तेव्हा हॉस्टेलवर द्यायला तिने कसे मेथीचे लाडू केले आणि त्यात मेथी इतकी घातली की मुली पळाल्या. अनुया हसून नरेशच्या खांद्यावर पडली. बाहेर पाऊस चालूच होता, पण शेल्टरच्या जाड भिंतींतून तो ऐकू येत नव्हता.

डिसेंबर गेला. सुटकेसवरच्या वस्तू बदलत राहिल्या. संत्र्याच्या चकत्यांना मुंग्या लागल्या म्हणून त्या गेल्या, आणि अनुयाने कुठून तरी शिंपले आणले. ती स्वतःला विच म्हणते की नाही हे सुचित्राने विचारलं नाही. मैत्रिणींशी फोनवर बोलताना तो शब्द एकदा कानावर आला, तेव्हा तिने थोडा वेळ स्वतःकडे पाहिलं. काटा आला होता, पण बारीक. तोही कदाचित राहीलच, आणि राहिला तर राहू दे, असं तिला वाटलं. सुट्टीच्या सकाळी अनुया उठायच्या आधी ती आता तिथे जाऊन बसते. काही म्हणत नाही. मेणबत्तीही लावतेच असं नाही. आधी तिला वाटायचं, आपण आत्यासाठी बसतोय. मग एक दिवस लक्षात आलं, आत्याचा विचारही मनात नव्हता. प्लांटमधला एक व्हॉल्व्ह, अनुयाची युनिव्हर्सिटी, दुपारची आमटी, असं काहीबाही येऊन गेलं, आणि मग काहीच आलं नाही. ते काहीच न येणं छान होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी ती अशीच बसली असताना हॉलमध्ये तिचा फोन वाजला. उठावं असं वाटेपर्यंत अनुयाने घेतला होता. नागपूरहून समीर, सुचित्राचा धाकटा भाऊ. "हाय मामा. हो, घरीच आहे," अनुया मराठीतून, शब्द शोधत बोलत होती. "नाही, झोपली नाही. आई तिच्या जागी बसलीय. नंतर करेल ती फोन." पलीकडून समीरने काहीतरी विचारलं असावं. अनुया जरा अडखळली. "कुठली म्हणजे? घरातलीच. तिची जागा."

या फ्लॅटमध्ये नरेशचं टेबल होतं, अनुयाची खोली होती, पाहुण्यांचा सोफा होता. सुचित्राने ते वाक्य ऐकलं, फोन खाली ठेवल्याचा आवाज ऐकला, आणि मग अनुयाची पावलं किचनकडे गेली. थोड्या वेळाने चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. तिने पाठ भिंतीला टेकली आणि पाय लांब पसरले.